जळालेली जुनी इमारत : जशीच्या तशी उभारायची की नवी बांधायची? केशवराव भोसले नाट्यगृहाच्या निमित्ताने सविस्तर माहिती

कोल्हापूर : ८ ऑगस्ट २०२४, गुरुवारची रात्र. खासबाग मैदानाला लागून असलेल्या केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली आणि बघता बघता छत खाली आलं. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, ज्यांचं नाव या वास्तूला आहे त्या संगीतसूर्य केशवराव भोसले यांची जयंती होती. हार-फुलांची तयारी करायची त्या दिवशी कलाकार मंडळी ओल्या राखेत उभी राहून रडत होती. रंगमंच गेला, खुर्च्या गेल्या, पडदे गेले. उरल्या त्या दगडी भिंती आणि समोरचा दर्शनी भाग.

तेव्हापासून एक प्रश्न चहाच्या टपरीवर, एसटीत, गावच्या पारावर निघतो. जळालेलं जसंच्या तसं बांधणार म्हणजे नेमकं काय करणार? जुनं परत येतं का? त्यापेक्षा नवंकोरं, मोठं, पार्किंगवालं बांधलं तर काय बिघडलं? हा प्रश्न एकट्या शहराचा नाही. गावोगावी जुने वाडे आहेत, लाकडी सभामंडपाची देवळं आहेत, चावड्या आहेत, आणि त्यातली वायरिंग कशी आहे हे सगळ्यांना माहीत आहे.

आधी त्या वास्तूविषयी

राधानगरीचं धरण बांधायला घेणाऱ्या राजर्षी शाहू महाराजांनीच हे नाट्यगृह उभारलं. १९०२ साली महाराज युरोपात गेले होते. रोमचं कलोझियम बघून त्यांना कुस्तीच्या मैदानाची कल्पना सुचली आणि खासबाग मैदान उभं राहिलं, हे जिल्ह्यात लहान पोरालाही ठाऊक आहे. त्या मैदानाच्या पाठीला पाठ लावून नाटकासाठी ही इमारत झाली. १९१३ मध्ये काम सुरू झालं, १९१५ च्या ऑक्टोबरमध्ये पुरं झालं. तेव्हाचं नाव पॅलेस थिएटर. एका बाजूला लाल मातीत पैलवान, भिंतीपलीकडे नाट्यपदं. एकाच राजाला दोन्हीची आवड, आणि दोन्हीला त्याने पक्की जागा करून दिली.

केशवराव भोसले कोल्हापूरचेच. जन्म १८९० चा. वय अठराच्या आसपास असताना, १९०८ मध्ये, त्यांनी हुबळीला ललितकलादर्श ही स्वतःची नाटक मंडळी काढली. १९२१ च्या जुलै महिन्यात बालगंधर्व आणि केशवराव एकाच रंगमंचावर आले, तो 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले. वय फक्त एकतीस. १९५७ मध्ये पॅलेस थिएटरला त्यांचं नाव दिलं गेलं.

पुढे वास्तू महापालिकेकडे आली. शताब्दीच्या सुमाराला तिचं मोठं नूतनीकरण झालं. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे तिचा संबंध येणार आहे.

आगीत नेमकं काय जळतं, काय टिकतं

लोकांचा समज असा की लाकूड सगळ्यात आधी जातं आणि लोखंड टिकतं. प्रत्यक्षात तसं सरळ नाही. चुलीत जाड ओंडका घातला तर तो वरून काळा कोळसा होतो, पण आतला गाभा कितीतरी वेळ शाबूत राहतो. जाड सागवानी तुळईचंही तेच. मिनिटाला एक मिलिमीटरपेक्षा कमी या चालीने ती बाहेरून जळत आत जाते. वरचा कोळशाचा थरच आतल्या लाकडाला काही काळ राखतो. म्हणून आग लवकर विझली तर जाड तुळई तासून, तपासून पुन्हा वापरता येते. पातळ फळ्या, रिपा, नक्षीकाम मात्र राहत नाही.

लोखंडी गर्डर पेटत नाही, पण सहाशे अंशाच्या आसपास त्याची ताकद निम्म्यावर येते. मग तो स्वतःच्याच वजनाने वाकतो. शिवाय तापल्यावर लांबतो आणि ज्या भिंतीत बसवला आहे तिला बाहेर ढकलतो. पुष्कळ ठिकाणी भिंत पडते ती या ढकलण्यामुळे.

दगडाची गोष्ट शेतकऱ्याला सांगायला नको. पूर्वी विहिरीत कठीण खडक लागला की त्यावर जाळ करायचे आणि तापला की पाणी मारून फोडायचे. आग विझवताना बंबाचं पाणी तापलेल्या भिंतीवर पडतं तेव्हा तेच होतं. दगडाच्या वरच्या कपच्या निघतात, बारीक चिरा जातात. आपल्याकडचा काळा पाषाण यात बराच चिवट. गुऱ्हाळाच्या चुलवणाला लावलेले दगड वर्षानुवर्षं धग सोसतातच की. पण दगडापेक्षा नाजूक असतो तो त्याला धरून ठेवणारा चुना. फार तापला की चुन्याचा दर्जा भुसभुशीत होतो, नखाने उकरला तरी निघतो. मातीचा किंवा वाळूचा रंग लालसर झाला असेल तर तिथपर्यंत तीनशे अंशाच्या वर धग पोचली होती असं जाणकार ओळखतात. त्यामुळे भिंत उभी दिसते म्हणून ती पक्की आहे असं धरता येत नाही. ठोकून, नमुने काढून, ओळंबा लावून बघावं लागतं. यालाच कागदोपत्री स्ट्रक्चरल ऑडिट म्हणतात.

कोल्हापूरची आग लागली ती ऑगस्टात. छत गेलेलं आणि वरून पाऊस. आगीने वाचवलेलं पाण्याने घालवू नये म्हणून अशा वेळी पहिलं काम असतं वर तात्पुरतं छप्पर करायचं आणि भिंतींना टेकू द्यायचा. जाड दगडी भिंत आतून वाळायला महिने लागतात. घाईने आतून गिलावा मारला तर पाणी आतच कोंडतं आणि दोन पावसाळ्यांत पोपडे धरतात. काम दिसत का नाही म्हणून लोक चिडतात, ते बरोबरही असतं, पण सुरुवातीचा काही वेळ खरंच वाळण्यात आणि मोजण्यात जातो.

पुण्यातले तीन वाडे

जळालेल्या वास्तूचं काय करायचं याची उत्तरं आपल्याच राज्यात आधी देऊन झाली आहेत. तीही एकाच शहरात.

शनिवारवाडा १७३२ मध्ये राहता झाला आणि २७ फेब्रुवारी १८२८ ला त्याला आग लागली. आठवडाभर धुमसत होता असं सांगतात. लाकडी मजले सगळे गेले. पेशवाई संपून दहा वर्षं झाली होती, नवे राज्यकर्ते तो पुन्हा बांधतील अशी शक्यताच नव्हती. आज तटबंदी, दिल्ली दरवाजा, वरचा नगारखाना आणि आत जोती एवढं उरलं आहे. तो अवशेष म्हणूनच जपला गेला. आता तो केंद्र सरकारच्या संरक्षणाखाली आहे, त्यामुळे तो पुन्हा बांधा म्हटलं तरी सहज बांधता येणार नाही. कसा होता याचे पुरेसे नकाशेच नाहीत. अंदाजाने बांधला तर तो शनिवारवाडा नाही, सिनेमाचा सेट होईल.

दुसरा बुधवारवाडा. १८७९ च्या मे महिन्यात तो जळाला. त्या दिवसांत वासुदेव बळवंत फडके यांचं बंड चालू होतं, त्यामुळे संशय आधी तिकडेच गेला. हा वाडा पुन्हा उभा राहिला नाही. आज बुधवार पेठेतून रोज हजारो माणसं जातात, पण तिथे पेशव्यांचा वाडा होता हे किती जणांना ठाऊक आहे?

तिसरा विश्रामबागवाडा. त्याच रात्री त्यालाही आग लागली आणि काही भाग जळाला. पण इथे लोकांनी वर्गणी काढली आणि जळालेला भाग पुन्हा बांधून घेतला. त्यात फरक कशाचा होता? वाडा वापरात होता. १८२१ पासून तिथे संस्कृत पाठशाळा भरत होती. पुढेही शाळा भरली, नगरपालिकेची कचेरी झाली. सुरूच्या आकाराचे कोरीव खांब असलेला तो लाकडी सज्जा आजही रस्त्यावरून दिसतो. ज्या इमारतीत माणसांची ये-जा असते तिच्यासाठी माणसं खिशात हात घालतात.

केशवराव भोसले नाट्यगृह यातलं तिसऱ्या जातीचं. रोज वापरातलं. पडदा ओढणारे, लाइट लावणारे, मेकअप करणारे, कपडे भाड्याने देणारे, बाहेर वडापाव विकणारे, सगळ्यांचं पोट त्यावर. हौशी संघांची तालीम आणि स्पर्धा, शाळांची गॅदरिंग, गावाकडच्या मंडळांचं वर्षातून एकदा शहरातल्या रंगमंचावर उभं राहण्याचं स्वप्न, हे सगळं एका रात्रीत बंद झालं.

'जसंच्या तसं' म्हणजे कोणत्या सालचं?

आगीनंतर कलाकारांची आणि कोल्हापूरकरांची मागणी एकच होती, जसं होतं तसंच उभं करा. मुख्यमंत्र्यांनी २० कोटी रुपयांची घोषणा केली. त्यानंतर पुनर्बांधणीचं काम टप्प्याटप्प्याने हाती घेण्यात आलं.

मागणी रास्तच आहे. पण खरी मेख इथेच आहे. १९१५ च्या पॅलेस थिएटरला एसी नव्हता, माइक नव्हता, गादीच्या खुर्च्या नव्हत्या. नट खड्या आवाजात म्हणायचा आणि शेवटच्या रांगेला ऐकू जायचं. २०२४ ला जे जळालं त्यात एसीचे डक्ट, केबल, फोम, कृत्रिम धाग्याचे पडदे होते. आधुनिक नाट्यगृहात भडकायला सगळ्यात सोपा असतो तो हाच माल. मग जसंच्या तसं म्हणजे १९१५ सारखं की आग लागायच्या आदल्या दिवशी होतं तसं? दोन्ही शब्दशः करता येत नाही. पहिलं केलं तर आजचा प्रेक्षक मे महिन्यात बसणार नाही. दुसरं केलं तर पुन्हा तोच धोका.

म्हणून जगभर मधली वाट काढली जाते. बाहेरून दिसणारं रूप, भिंती, उंची, रंगमंचाची ठेवण आणि आवाजाची ठेवण जुनी. पोटात वायरिंग, पाण्याचे फवारे, धूर ओळखणारी यंत्रणा, बाहेर पडायचे जादा दरवाजे नवीन. आवाजाच्या बाबतीत विशेष जपावं लागतं. सभागृहाची लांबी-रुंदी, छताचा उतार, लाकूड कुठे आणि किती आहे यावर घुमणं ठरतं. लाकडाच्या जागी सिमेंटचा स्लॅब आला तर बाहेरून कुणाला कळणार नाही, पण पहिल्याच नांदीला कानाला कळेल.

पॅरिसच्या नोत्र दाम चर्चचं उदाहरण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. १५ एप्रिल २०१९ ला ते जळालं, डिसेंबर २०२४ मध्ये उघडलं. मधे मोठा वाद झाला होता. जळालेला उंच मनोरा काही मूळ बाराव्या-तेराव्या शतकातला नव्हता, तो एकोणिसाव्या शतकात बसवलेला. मग तोच परत करायचा की काचेचा नवा करायचा? शेवटी जळाला तसाच केला. छत आणि मनोऱ्यासाठी सुमारे २,००० ओक झाडं लागली. एवढं नेमकं करता आलं याचं एक मोठं कारण म्हणजे आगीच्या काही वर्षं आधी एका अभ्यासकाने त्या इमारतीची लेसरने मोजणी करून ठेवली होती. मोजमाप नसतं तर पैसा असूनही अडलं असतं.

लाकूड, चुना आणि माणसं

पैसा मंजूर झाला की काम होतं असं नाही. जुन्या मापाची, पूर्ण वाळलेली सागवानी तुळई बाजारात मागितली तर लगेच मिळत नाही. आपल्या राज्यात चांगलं सागवान येतं ते चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातून, बल्लारपूर आणि आलापल्लीच्या बाजूने. अयोध्येच्या मंदिराच्या दारांना आणि दिल्लीच्या नव्या संसद भवनाला तिकडचंच लाकूड गेलं. ओलं लाकूड बसवलं तर ते वाळताना पीळ खातं आणि सांधे उघडतात.

चुन्याचंही तसंच. जुन्या दगडी भिंतीला सिमेंट मारणं ही सगळीकडे होणारी चूक आहे. सिमेंट कडक आणि बंद, दगड-चुना श्वास घेणारा. सिमेंटच्या दर्जाआड पाणी अडकतं आणि दगडच झिजायला लागतो. जुना चुना विटकर भुकटी, वाळू, गूळ, हिरडा घालून घाणीत मळायचे. गावात अजून एखादी चुन्याची घाणी, म्हणजे ते गोल दगडी चाक, देवळामागे पडलेलं दिसतं. चाक आहे, पण चुना किती मळायचा हे हाताला कळणारे गवंडी आता बोटावर मोजण्याइतके. त्यांना टेंडरमध्ये जागा नसते, कारण टेंडर मोठ्या उलाढालीवर निघतं. मग मोठा ठेकेदार येतो आणि सवयीने सिमेंटच ओततो. या एका गोष्टीवर नागरिकांनी लक्ष ठेवलं तरी पुष्कळ झालं.

नवं बांधा म्हणणाऱ्यांचं काय चुकतं?

त्यांचं सगळंच चुकत नाही. जुन्या पेठेत गाडी लावायला जागा नाही, अपंगांना वर चढायची सोय नाही, अरुंद बोळात बंब वळत नाही. एखादी इमारत इतकी जळते की भिंतीही धोकादायक होतात. तिथे हट्टाने जुनं धरून बसणं म्हणजे माणसांच्या जिवाशी खेळ. पण पाडायचं हे ठरवण्याआधी ऑडिटचा अहवाल लोकांसमोर यायला हवा. अनेकदा 'धोकादायक' हा शिक्का सोयीचा असतो. जुन्या पेठेतल्या जागेला भाव असतो आणि जळालेली इमारत पाडली की ती जागा मोकळी होते. म्हणून 'पाडा' हे कोण म्हणतंय, इंजिनिअर की जागेवर डोळा असलेला, हे बघावं.

कायद्याने यात काही आडकाठी आहे. शहरात हेरिटेज यादीत नाव असेल तर वास्तूला श्रेणी असते, एक ते तीन. पहिल्या श्रेणीला फारसा हात लावता येत नाही, तिसरीत बऱ्यापैकी बदल चालतो. राज्य संरक्षित स्मारक असेल तर १९६० चा राज्याचा कायदा लागतो आणि पुरातत्त्व विभागाशिवाय वीट हलवता येत नाही. केंद्र संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि पुढच्या २०० मीटरात परवानगी लागते. गावाकडचे बहुतेक वाडे आणि देवळं यातल्या कुठल्याच यादीत नाहीत. त्यांचं काय करायचं ते मालक, ट्रस्ट आणि ग्रामसभाच ठरवते.

आग प्रतिबंधाचा २००६ चा राज्याचा कायदाही आहे. ज्या इमारतींना तो लागू आहे तिथे यंत्रणा चालू असल्याचा दाखला परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, द्यायचा असतो. सार्वजनिक सभागृहाचा हा दाखला बघायला मागणं यात काही गैर नाही.

गावातल्या वाड्याला, देवळाला आग लागली तर

आग विझली की दुसऱ्या दिवशी सकाळी जेसीबी बोलवायची घाई होते. ती करू नये. आधी महावितरणकडून वीज तोडून घ्यावी, मग तलाठ्याचा पंचनामा, पोलिसांची नोंद आणि भरपूर फोटो. विमा असेल तर कंपनीचा माणूस येईपर्यंत ढिगारा हलवला की दाव्याला अडचण येते. ढिगाऱ्यातून कोरीव दगड, खांबाच्या तळखड्या, बिजागऱ्या, कड्या, अर्धवट जळालेलं नक्षीचं लाकूड वेचून बाजूला ठेवावं आणि खडूने नंबर टाकावा. अर्धा जळालेला एक कोरीव तुकडासुद्धा सुताराला पुरतो, त्यावरून बाकीचे घडवता येतात. तोच तुकडा लोक जळण म्हणून नेतात किंवा भंगारवाला उचलतो.

आगीच्या आधीची कामं तर अगदी साधी आहेत. सभामंडपात लाकडी तुळईवर खिळा ठोकून नेलेली उघडी वायर काढून पाइपमधून न्यावी. गळती झाली की वीज तोडणारा ब्रेकर बसवावा. नवरात्रात अखंड दिवा पडद्याजवळ ठेवू नये, खाली वाळूचं ताट ठेवावं. यात्रेत मंडपाचे कापड आणि हॅलोजन यांची गाठ पडू देऊ नये. पाण्याची टाकी आणि बंब आत येईल एवढी वाट, इतकं तरी हवं.

आणि मोबाइल खिशात आहेच. वाडा किंवा देऊळ चारी बाजूंनी, आतून, छताखालून दिवसाउजेडी फोटोत घ्यावं. खांबाशेजारी टेप धरून घ्यावं म्हणजे माप कळतं. दाराची उंची, दोन खांबांतलं अंतर, तुळईची जाडी वहीत लिहावी. एका वाड्याला जेमतेम अर्धा दिवस लागतो. फोटो एकाच फोनमध्ये न ठेवता ट्रस्टच्या, ग्रामपंचायतीच्या आणि घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी फोनमध्येही टाकून ठेवावेत, कारण वही आणि फोन वाड्यातच असतील तर तेही वाड्याबरोबरच जळतात.